मेमरीपट्ट्यांची गणपूर्ती

शलाका बाबरनं रॅमचा वेग वाढवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कॉम्प्युटर सुरू झाला नाही, कारण रॅमच्या चार पट्ट्यांची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला मदरबोर्डवरचा पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. स्क्रीन काळीच. मग शेजारच्या प्रिंटरनं अर्ध्या पानाचं इतिवृत्त बाहेर सोडलं:

'सभेची वेळ सकाळी ९ वाजून १४ मिनिटे. पट्टी क्र. १ व २ वेळेवर हजर. पट्टी क्र. ३ व ४ वेळेआधी येऊन, कोणी नाही असे पाहून, सही करून निघून गेल्या. एकूण जागा चार, गणपूर्ती तीन, प्रत्यक्ष हजर दोन. सबब सभा तहकूब. तहकूब सभा अर्ध्या तासाने याच जागी होईल. तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.'

शलाकानं ते उभ्याउभ्याच वाचलं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक आणि दोन या पट्ट्या कॉम्प्युटरबरोबर आलेल्या, तीन आणि चार तिनं मागाहून बसवलेल्या. काल संध्याकाळी तिनं सेटिंगमध्ये जाऊन चौघींना पळायला सांगितलं. नव्या पळाल्या, जुन्या आपल्या चालीनं आल्या. चुकामूक झाली.

चुकामूक व्हायला तिनं दिवस मात्र भलताच निवडला होता. दुपारी चार वाजता धामणगिरी नगरपंचायतीत हरकतींची सुनावणी होती. शाळेमागची बारव हा 'वापरात नसलेला कोरडा खड्डा' आहे, तो बुजवून तिथं पार्किंग करावं, असा ठराव झाला होता. हरकत घेणारी सबंध गावात एकटी शलाका. आठ महिने ती टेप आणि वही घेऊन त्या बारवेत उतरत होती. दोन हजार सहाशे चौदा दगड तिनं एकेक मोजून कॉम्प्युटरमध्ये रचले होते. दगड वाढले तसा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, म्हणून तर रॅमचा वेग वाढवायची घाई. पेनड्राइव्हवर एक जुनी प्रत होती, पण तिच्यात बारवेच्या जागी नुसता चौकोन होता. चौकोन बुजवायला कोण हरकत घेणार?

दहा वाजता मुजावरकाका आले. बाजारात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि शलाकाला पहिला माऊस त्यांनीच विकला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून इतिवृत्त वाचलं.

"पळवलीस ना रॅम?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे बत्तीसशेवरनं चार हजारावर. अगं, म्हातारीला पोरीच्या जोडीनं पळवलं तर चालतंय होय?"

त्यांनी चारही पट्ट्या काढल्या, खोडरबरनं त्यांच्या सोनेरी कडा घासून लखलखीत केल्या आणि परत बसवल्या. बटण दाबलं. प्रिंटर म्हणाला, 'सर्व सदस्य स्वच्छ होऊन आल्याबद्दल सभेने समाधान व्यक्त केले. पट्टी क्र. ३ व ४ यांनी अभिनंदन स्वीकारून वेळेआधीच प्रस्थान केले. सभा तहकूब.'

मग त्यांनी मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढला. तो काढून दहा मिनिटं थांबलं की कॉम्प्युटर सगळ्या सेटिंग विसरतो, वाढवलेला वेगही विसरतो. शलाकानं ती दहा मिनिटं खोलीत येरझाऱ्या घालून काढली. सेल बसला, बटण दाबलं. 'आज दिनांक १ जानेवारी २०१८. सदर कॉम्प्युटर अद्याप खरेदी झालेला नसल्याने सभा घेता येत नाही.'

"तारीख पण विसरला," मुजावरकाका म्हणाले. "आता खरेदी होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर दोन वर्षं गेली." त्यांनी सेल पुन्हा काढला, दुसरा बसवला. तारीख आजची झाली, पण तारखेबरोबर चार हजारही परत आले. पुन्हा गणपूर्ती, पुन्हा तहकूब.

अकरा वाजून गेले होते. मुजावरकाकांनी खुर्ची ओढली.

"हे बघ बाळ, यात स्वच्छ लिहिलंय. अर्धा तास थांबायचं. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दोघी तर दोघी. होईल चालू."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"बारव बुजवायचा ठराव कसा झाला माहितीय का काका? तहकूब सभेत. सतरापैकी पाच जण होते. पहिल्या सभेला कोणी आलं नाही, अर्ध्या तासानं पाच जण बसले, चहा घेतला आणि बारव बुजवली. मी त्याच्याविरुद्ध भांडायला चाललेय आणि माझा कॉम्प्युटरच तहकूब सभेत चालू करू? वर कुठल्या तोंडानं बोलू?"

"कॉम्प्युटर कसा चालू झाला हे कोण विचारतंय तुला?"

"मी विचारतेय."

 मुजावरकाका स्क्रूड्रायव्हर खिशात घालून म्हणाले, "तुझ्या आईला बोलव. माझं काम हार्डवेअरचं. हे सभाशास्त्र आहे."

विजयमाला बाबर बावीस वर्षं दूध संस्थेच्या सचिव होत्या. संकलन आटोपून त्या दीड वाजता घरी आल्या, चपला काढायच्या आधीच त्यांनी इतिवृत्तांची चळत हातात घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

"कोण लिहितंय हे? हात चांगला आहे. आमचा क्लार्क 'सबब' कुठं घालायचं ते अजून शिकला नाही."

"आई, चारला सुनावणी आहे."

"मग अर्धा तास थांबायचं होतं."

"ते मी करणार नाही."

"वाटलंच. लहानपणी लंगडीत सुद्धा आऊट झाली की स्वतःच सांगायची ही," त्या मुजावरकाकांना म्हणाल्या. मग भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांचा आवाज संस्थेतला झाला. "तीन आणि चार सही करून जातात. म्हणजे गैरहजर धरता येत नाहीत आणि हजरही नाहीत. असले सदस्य सगळ्यात वाईट. त्यांना काढा. जागा रिक्त करा."

"काढल्या तर दोघीच राहतात," मुजावरकाका म्हणाले. "गणपूर्ती दोनवर येईल?"

"नाही येत. जागा चारच्या चारच धरायच्या, माणूस असो नसो. पण रिक्त जागेवर स्वीकृत सदस्य घेता येतो. त्याला मत नसलं तरी हजेरी लागते."

"स्वीकृत कोण?" शलाकानं विचारलं.

"ते काकांना विचार. त्या जागेवर बसायला काय पात्रता लागते?"

मुजावरकाकांनी उघड्या कॉम्प्युटरमध्ये डोकावून बराच विचार केला. "पात्रता एकच," ते सावकाश म्हणाले. "काम चालू असेपर्यंत सगळं लक्षात ठेवायचं. आणि बंद केल्यावर सगळं विसरायचं. रॅमचा धर्मच तो. जे सेव्ह झालं ते डिस्कवर राहतं. रॅमकडे काही राहत नाही."

"मला बारवेचा दगड न् दगड पाठ आहे," शलाका म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. बंद केलं की तुझ्याकडनं जाईल. चाचणीसुद्धा घेता यायची नाही. एकदाच चालू होणार, ते तिथंच."

शलाका आधीच वायरी गुंडाळायला लागली होती.

"आठ महिने, शलाका," आई म्हणाली.

"आई, मी लक्षात ठेवून काय उपयोग? बारव राहायला पाहिजे."

 विजयमालाबाईंनी फोन करून दूध संस्थेचा टेम्पो मागवला.

पावणेचारला टेम्पो नगरपंचायतीच्या दारात लागला. सभागृहात मुख्याधिकारी पाटोळे टेबलामागं बसले होते. ते दोनच महिन्यांपूर्वी बदली होऊन आले होते. ठराव त्यांच्या आधीचा, निकाल मात्र त्यांना द्यायचा होता. समोर हरकतदारांसाठी तीस खुर्च्या मांडल्या होत्या. शलाकानं कॉम्प्युटर पहिल्या खुर्चीवर ठेवला, प्रिंटर दुसऱ्या खुर्चीवर.

"याचं झाकण?" पाटोळ्यांनी विचारलं.

"उघडंच ठेवावं लागेल सर. मला आत बसायचंय."

"बसा."

मुजावरकाकांनी तीन आणि चार नंबरच्या पट्ट्या काढून रुमालात बांधल्या. शलाकानं उजव्या हाताचं पहिलं बोट तीन नंबरच्या खाचेत ठेवलं आणि डाव्या हातानं बटण दाबलं. पंखे फिरले. थांबले नाहीत. पिवळा दिवा लागला, लुकलुकला आणि विझला. तिच्या बोटातून मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी चढत खांद्यापर्यंत आलं. प्रिंटर खडखडला.

'पट्टी क्र. १ व २ हजर. जागा क्र. ३ वर स्वीकृत सदस्य कु. शलाका बाबर हजर. गणपूर्ती झाली. सभेस प्रारंभ.'

"झालं, चालू झालं," मुजावरकाका हळूच म्हणाले. त्यांनी पुढाकार घेऊन माऊस धरला, कारण शलाकाला आता जागा सोडता येत नव्हती.

स्क्रीनवर बारव उघडली. कालपर्यंत अडखळत उघडायची, आज सरळ उघडली. कमान, कमानीवरचा झिजलेला घोडा, डाव्या भिंतीतला दिव्याचा कोनाडा, आणि खाली जाणाऱ्या पायऱ्या. एक, दोन, तीन. शलाका प्रत्येक दगड सांगत होती आणि सांगताना तिचा श्वास वर येत होता. नवव्या पायरीनंतर स्क्रीन काळी होती.

पाटोळे टेबलामागून उठून जवळ आले. "सुंदर काम आहे. पण नऊ पायऱ्यांच्या खाली?"

"खाली राडारोडा आहे सर. दहा वर्षांपूर्वी शाळेचं बांधकाम झालं तेव्हा टाकलेला."

"म्हणजे पाणी तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाही."

"ठरावात कोरडा खड्डा म्हटलंय. नऊ पायऱ्यांचा कोरडा खड्डा सुंदर असला तरी कोरडाच धरावा लागेल मला." त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

शलाका बोट न हलवता त्या काळ्या स्क्रीनकडे बघत होती. तिच्याकडे होतं नव्हतं ते सगळं तिनं देऊन झालं होतं.

"एक जागा रिक्त आहे साहेब," मागून विजयमालाबाई म्हणाल्या. त्या संस्थेत परत गेल्या असतील असं शलाकाला वाटलं होतं. त्या पदर खोचून पुढं आल्या आणि कॉम्प्युटरमध्ये वाकून म्हणाल्या, "चार नंबर कुठला, मुजावर?"

"हा. बोट सरळ ठेवा वहिनी."

प्रिंटरनं जागा क्रमांक चारची नोंद घेतली. मग स्क्रीनवर दहावी पायरी उमटली. अकरावी. चौदाव्या पायरीच्या कडेला दगडात कोरलेली घागर ठेवायची खळगी. विसाव्या पायरीवर शेवाळ. एकविसाव्या पायरीला पाणी लागलं. हिरवट, गार, जराही न हलणारं पाणी, आणि वायव्येच्या कोपऱ्यातून त्यात उतरणारी झऱ्याची बारीक धार.

सभागृहात धार ऐकू येत होती.

"मी दहावीला होते," विजयमालाबाई सांगत होत्या. "गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. वैशाखात आम्ही तिघी बहिणी इथनं पाणी न्यायचो. माझी घागर एकदा सुटली, ती अजून खाली असेल." स्क्रीनवर तळाशी तांब्याचं काहीतरी चमकलं. "आहे बघा."

"आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू टेप घेऊन जायचीस. विचारलंस कुठं?"

पाटोळे प्रिंटरमधलं पान हातात घेऊन वाचत होते. "चारपैकी चार हजर," ते म्हणाले. त्यांनी फाइल उघडून मूळ ठरावाचं इतिवृत्त त्याशेजारी ठेवलं. "आमच्याकडे सतरापैकी पाच. तहकूब सभा." दोन्ही पानं त्यांनी पुन्हा पाहिली. नियमांच्या माणसाला जे करावं लागतं तेच त्यांनी केलं. ठरावाला स्थगिती लिहिली, राडारोडा काढून झऱ्याची पाहणी करण्याचा आदेश लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि शिक्क्यावर फुंकर घातली.

"सेव्ह करा काका," शलाका म्हणाली.

"होतंय. मोठं आहे. पाणी आलं ना आता."

"लवकर करा मुजावर," विजयमालाबाई म्हणाल्या. "संध्याकाळचं दूध येऊन थांबलं असेल."

"बोट काढू नकोस आई."

"नाही गं काढत."

स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. मुजावरकाकांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "झालं. बंद करू?"

मायलेकींची बोटं खाचांमध्ये शेजारीशेजारी होती. शलाकानं त्या पाण्याकडे, घोड्याकडे, कोनाड्याकडे एकदा बघून घेतलं.

"करा."

पंखे थांबले. प्रिंटरनं शेवटची ओळ सोडली, 'विषय संपल्याने सभा संपली,' आणि तोही गप्प झाला.

शलाकानं बोट काढून चोळलं. पाटोळ्यांनी हातात दिलेला आदेश वरपासून वाचायला सुरुवात केली. वाचतावाचता तिचे डोळे मोठे झाले.

"आई, हे बघ. आपल्या गावात बारव आहे. शाळेच्या मागं. यात लिहिलंय, एकवीस पायऱ्यांवर पाणी लागतं."

"आपल्या गावात?" विजयमालाबाईंनी कागद ओढून घेतला. "काहीतरीच. मी जन्मले इथं. मला माहीत नसतं होय?"

"शिक्का आहे बघ."

विजयमालाबाईंनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, सही पाहिली. शिक्का बरोबर होता.

"मग चल की बघायला," त्या म्हणाल्या. "दूध थांबेल अर्धा तास."

मुजावरकाका वायरी गुंडाळत होते. "तुम्हा दोघींना वाट माहितीय ना?" त्यांनी विचारलं, आणि लगेच वायर खाली ठेवून चपला घातल्या. "थांबा, मी येतो दाखवायला."

शलाका केव्हाच दाराबाहेर पडली होती.