कुसुमताईंचे आजोबा पडले होते

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीवरून विमान गेलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई परचुरे गॅलरीत येतात आणि कमरेवर हात ठेवून त्या विमानाला दम भरतात, "उडालास ते कळलं. आता उतर बघू नीट!"

विमान उतरतंच. लोहगावचा विमानतळ काही कुसुमताईंच्या परवानगीवर चालत नाही, पण हे त्यांना सांगण्याची आमच्यात कुणाची छाती नाही.

खडकीच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. "उतरता आलं पाहिजे" हे त्यांचं जगातल्या सगळ्यावरचं मत. पुढारी भाषणात घसरला तरी तेच आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढला तरी तेच. "चढलात ते ठीक आहे, जोशी. उतरता येतंय का?"

याचं मूळ त्यांच्या आजोबांत. विमान हीच नवलाई होती अशा काळात या गृहस्थांनी बांबूच्या सांगाड्यावर बायकोची लुगडी शिवून पंख केले, मागे शेपूट लावलं, सगळं पाठीला बांधलं आणि वेताळ टेकडीवरून उडी घेतली. "मग, उडाले का?" असं कुणी विचारलं की कुसुमताई ताडकन म्हणतात, "पडले! एक शेत ओलांडून पुढच्या ज्वारीत पडले. कुणाच्या अंगावर नाही पडले. पाय मोडला. आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांना कळलं, की यंत्राचं शेपूट आखूड होतं. आपण का पडलो हे ज्याला कळतं, तो संशोधक. बाकीचे पतंग."

एवढी साधी, खरी गोष्ट. पण आपल्या लोकांना खरं पचतं कुठे? मध्यंतरी कुण्या रिकामटेकड्याने मोबाइलवर मजकूर फिरवला, की परचुरे आजोबांनी पाऱ्यावर चालणारं विमान तासभर आकाशात फिरवलं आणि गोऱ्या साहेबाने ते चोरलं. लगेच शेजारच्या एका मंडळाचा मंदार नावाचा कार्यकर्ता सत्काराचं आमंत्रण घेऊन हजर.

"पारा?" कुसुमताई कडाडल्या. "आमच्या घरात पारा फक्त आजीचा चढायचा. लुगडी फाडली म्हणून!"

"काकू, डिटेल्स सोडा ना. फीलिंग बघा. लोकांना किती प्राउड वाटतंय!"

"आजोबा माझे, आणि प्राउड तुम्ही?"

तरी त्या गेल्या. "मला बोलू द्यायचं" या अटीवर. सोबत मी होतो. व्यासपीठावर आजोबांचं भलंमोठं चित्र लावलेलं. ढगांत, हसतमुख, दोन्ही पाय शाबूत. एकेका वक्त्याने त्यांना आणखी वर चढवलं. कुणी जगातले पहिले म्हणालं, कुणी ऋषी म्हणालं. टाळ्या थांबेनात. अखेर कुसुमताई माइकपाशी उभ्या राहिल्या.

"माझे आजोबा पडले होते," त्या म्हणाल्या. "त्यांचं शेपूट आखूड होतं..."

आणि हशा पिकला. अहो, यंत्राचं शेपूट! पण ऐकून घेतो कोण? मंदारने माइक काढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं.

माझं टाळकं सरकलं. खोट्याला टाळ्या आणि खऱ्याला हसणं, ही कुठली रीत? मी उठून ओरडलो, "त्यांना बोलू द्या!" तर मागचे गृहस्थ म्हणाले, "खाली बसा हो. अल्पोपाहार राहिलाय अजून."

घरी चालत येताना मी धुमसत होतो. त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायचं, तर मी म्हणालो, "जाऊ द्या ताई. काही झालं तरी कौतुकच केलं त्यांनी."

त्या भर रस्त्यात थांबल्या.

"जोशी, त्यांचा पाय कधी धड झाला नाही. काठी घ्यायची त्यांना लाज वाटायची. मी तेव्हा त्यांच्या कमरेएवढी. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते रोज नदीपर्यंत चालायचे. चांगला जड हात होता. त्यानंतर माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवलेला नाही." त्यांनी पदर सारखा केला. "आणि हे लोक मला सांगतात, ते पडलेच नाहीत. मग तो हात कुणाचा होता हो?"