हैबतराव पिसोरींची सहकुटुंब पायपीट

एका जंगलात, बाळांनो, एक अभयारण्य होतं.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल, जंगलात वेगळं अभयारण्य कशाला? अरे बाबा, उरलेल्या जंगलात भय होतं म्हणून. गप्प बसून ऐक.

ह्या अभयारण्याचा नियम अगदी साधा होता. सूर्य आकाशात असेपर्यंत तिथे कुणी कुणाला खायचं नाही. नियम खुद्द वाघोबांनी केला होता. दिवसा ते झोपलेले असत, त्यामुळे त्यांना तो फारसा जाचत नसे.

आत एक पायवाट होती. टेकडीला वळसा घालून वर कड्यापर्यंत जाणारी. पूर्वी तिला नाव नव्हतं आणि तिच्यावरून फारसं कुणी जातही नसे. मग एक दिवस फाटकाशी पाटी लागली : ‘सहकुटुंब पायवाट. सोपी चढण. लहान मुलांसाठी उत्तम. वर सुंदर सूर्यास्त.’

झालं! तेव्हापासून रविवारी तिथे पाय ठेवायला जागा मिळेना.

ह्याच जंगलात, करवंदीच्या एका दाट जाळीत, हैबतराव पिसोरी राहत असत. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, आवाज नाही, अंगावर पांढरे ठिपके. पान पडलं की दचकतं. हैबतरावांच्या घराण्यात तर पान न पडताही दचकायची पद्धत होती. त्यांच्या बायकोचं नाव गिरजा, मुलीचं बकुळ आणि धाकट्या मुलाचं घोलू.

एका संध्याकाळी हैबतराव घरी आले ते नाक फुगवूनच.

“शेजारचे मुंगूस सगळी मुलं घेऊन कड्यावर जाऊन आले,” ते म्हणाले. “आणि आपली मुलं बघ. दिवसभर जाळीत लोळतात. निसर्ग म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नाही.”

“अहो, आपण जंगलातच राहतो,” गिरजा म्हणाली.

“ते वेगळं. तो घरचा निसर्ग. हा बघायला जायचा निसर्ग.”

नवरा एकदा दोन प्रकारचे निसर्ग करून मोकळा झाला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे गिरजाला अनुभवाने कळलं होतं.

रविवार उजाडला. गिरजाने पानात उंबरं बांधून घेतली. हैबतरावांनी काठी घेतली. चार पाय असलेल्याला काठी कशाला, हे तिने विचारलं नाही.

फाटकावर एक म्हातारा वानर बसला होता. तो प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळला होता. “सूर्य बुडायच्या आत खाली यायचं. नंतर आमची जबाबदारी नाही.”

“पण पाटीवर तर लिहिलंय, वर सुंदर सूर्यास्त,” गिरजा म्हणाली. “तो बघायचा कधी?”

“बाई, पाटी लिहिणारे वेगळे, नियम करणारे वेगळे,” वानर म्हणाला आणि त्याने शेपूट उचलून त्यांना आत सोडलं.

चढण खरोखर सोपी होती. तरी पहिल्याच वळणावर बकुळचे पाय दुखायला लागले. दुसऱ्या वळणावर तिला तहान लागली. तिसऱ्या वळणावर ती बसलीच.

“अजून किती लांब?”

“हे काय, आलंच,” हैबतराव म्हणाले. बाळांनो, सगळ्या जगातले बाबा हे उत्तर देतात. त्याचा अर्थ, त्यांनाही माहीत नसतं.

घोलूचं दुखणं वेगळं होतं. त्याला पुढे जायचंच नव्हतं. वाटेत एक शेणकिडा स्वतःपेक्षा मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत चालला होता. घोलू त्याच्या नाकासमोर नाक लावून बसला.

“चल रे, निसर्ग बघायचाय,” हैबतराव ओरडले. “शेण काय घरी दिसत नाही?”

असं ओढत, ढकलत, बकुळला पाठीवर घेत मंडळी अर्ध्या वाटेवरच्या झऱ्याशी पोचली. आणि चौघंही जागच्या जागी थिजली.

झऱ्याकाठी रंभाताई बिबटे बसल्या होत्या. जीभ बाहेर काढून धापा टाकत होत्या. एक पिल्लू त्यांच्या शेपटीला लोंबकळत होतं. दुसरं पालथं पडून म्हणत होतं, “मी नाही येणार जा.”

“घाबरू नका, वहिनी,” रंभाताई म्हणाल्या. “सूर्य आहे अजून. कडा किती लांब आहे हो? पाटीवर म्हणे सोपी चढण. स्वतःची पोरं घेऊन चढला असता तर कळलं असतं लिहिणाऱ्याला.”

हे वाक्य इतकं खरं होतं, की गिरजाची भीती अर्धी उतरली. ती झऱ्याच्या अलीकडे बसली. रंभाताई पलीकडे. हैबतराव काठीमागे लपले होते, पण काठी बारीक असल्याने ते सगळे दिसत होते.

“हा मोठा, ठिपकू,” रंभाताई सांगू लागल्या. “खाण्याचे भारी नखरे. काल अख्खा ससा तसाच टाकला.”

“अगबाई! आमच्या घोलूचंही तेच. कोवळं पान तोंडाशी धरलं तरी मान फिरवतो.”

“मग काय करता तुम्ही?”

“घरी बसून भूकच लागत नाही हो त्यांना. मोकळ्यावर आणलं, जरा पळवलं, की आपोआप चार घास जास्त जातात.”

“असं होय!” रंभाताई म्हणाल्या आणि विचारात पडल्या.

आपण काहीतरी बोलू नये ते बोललो, असं गिरजाला तेवढ्यात वाटून गेलं. पण बोलून झालं होतं.

पुढची वाट दोन्ही कुटुंबांनी मिळून चढली. मुलांचे पाय अचानक दुखायचे थांबले होते. ती लपंडाव खेळत होती आणि राज्य बहुतेक वेळा ठिपकूवरच येत होतं. पिसोरी सुक्या पाचोळ्यात बसला की दिसतच नाही. ठिपकू शोधून शोधून दमायचा आणि घोलू मागून येऊन त्याच्या पाठीवर इवलासा खूर मारायचा, “धप्पा!” की ठिपकू बिचारा पुन्हा झाडाकडे तोंड करून दहा-वीस-तीस मोजू लागायचा.

एकदा त्याने बकुळच्या मानेला नाक लावलं. “आई, हिचा वास किती छान येतो!”

“असं बोलू नये,” रंभाताई म्हणाल्या. “सूर्य आहे ना?”

कड्यावर पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आधी आलेली मंडळी परत निघाली होती. मुंगूस, ससे, रानकोंबड्या, सगळे आपापली पोरं मोजत घाईघाईने उतरत होते.

“चला, आपणही निघू,” गिरजा म्हणाली.

“निघू?” हैबतराव एका दगडावर चढून बसले. “एवढं चढून सूर्यास्ताला आलो आणि सूर्यास्त न बघता जायचं? मुंगुसांना काय सांगू?”

“त्यांनी तरी कुठे बघितला असेल?”

“म्हणूनच तर बघायचा!”

सूर्य खाली खाली येऊ लागला. लाल झाला. मोठा झाला. खरंच सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू? कड्यावर आता दोनच कुटुंबं उरली होती.

“आई, बुडाला का?” ठिपकूने विचारलं.

“नाही.”

“आता?”

“नाही रे. धीर धर.”

गिरजाच्या अंगावरचा एकेक केस उभा राहिला. तिने रंभाताईंकडे पाहिलं. रंभाताई सूर्याकडे बघत होत्या, पण त्यांची शेपटी गवतात हळूच हलत होती.

“वहिनी,” त्या मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही मघाशी माझ्याशी चार शब्द आपलेपणानं बोललात, म्हणून सांगते. निघा. मी मुलांना कबूल करून बसलेय. आणि पोरं दिवसभर पळालीत. तुम्ही म्हणालात तसंच झालंय, भूक लागलीय त्यांना.”

गिरजाने बकुळला ढुशी दिली, घोलूला ढुशी दिली आणि हैबतरावांचा कान दातात धरून त्यांना दगडावरून खाली ओढलं.

“अगं, निम्माच राहिलाय!” हैबतराव ओरडले.

“सूर्य की तुम्ही?” गिरजा म्हणाली आणि धावत सुटली.

मग काय पळाली मंडळी! जिचे पाय सकाळपासून दुखत होते, ती बकुळ सगळ्यांत पुढे होती. हैबतरावांनी एकदाच मागे वळून पाहिलं, सूर्याचा शेवटचा तुकडा दिसतो का म्हणून. तुकडा दिसला नाही. दोन हिरवे डोळे दिसले. त्यानंतर त्यांनी काठी टाकली आणि चार पाय कशाला असतात ते त्यांना कळलं.

झऱ्याशी घोलू घसरला. उठला, पण तेवढ्यात समोर धप्पकन उडी पडली. ठिपकू! कान मागे, दात बाहेर. पुढून गिरजाने वळून पाहिलं आणि तिचे पाय जमिनीला चिकटले. आई होती ती, बाळांनो. पळवेना आणि परत फिरून काही करताही येईना.

ठिपकूने झेप घेतली. घोलू पाचोळ्यात सपाट झाला, ठिपकू वरून पलीकडे गेला. आणि आता त्याची पाठ घोलूकडे आली. घोलू एवढासा जीव. दिवसभर जे केलं, तेच त्याला त्या क्षणी सुचलं. त्याने पुढचा खूर उचलला आणि ठिपकूच्या पाठीवर मारला.

“धप्पा!”

ठिपकू थबकला. त्याचं तोंड पडलं. क्षणभर तो काहीतरी आठवत असल्यासारखा उभा राहिला. मग मुकाट्याने झऱ्याकाठच्या जांभळीकडे गेला, खोडाला तोंड लावलं आणि डोळे मिटून म्हणू लागला, “दहा, वीस, तीस...”

मागून रंभाताई आल्या. “अरे गाढवा, करतोस काय?”

“राज्य आलंय माझ्यावर. मधे बोलू नकोस. चाळीस, पन्नास...”

रंभाताईंनी कपाळावर पंजा मारला. मुलांनी खोटं खेळू नये, हे त्यांनीच शिकवलं होतं.

शंभर होईपर्यंत पिसोरी कुटुंब फाटकाबाहेर पडून आपल्या जाळीत शिरलं होतं. तिथे काटे इतके दाट, की बिबट्याचं नाकही आत जात नाही. गिरजाने दोन्ही मुलांना खुरापासून कानापर्यंत चाटून काढलं. एकदा, दोनदा, मग पुन्हा. हैबतराव एका कोपऱ्यात जमिनीला चिकटून पडले होते. ते निसर्गाविषयी काहीही बोलत नव्हते.

तेवढ्यात बकुळ म्हणाली, “बाबा, पुढच्या रविवारी पुन्हा जायचं?”

“जाऊया ना!” घोलू उड्या मारत म्हणाला. “पण ते मागे लागणार असतील तरच.”

दुसऱ्या दिवशी मुंगूस भेटला. त्याने विचारलं, सूर्यास्त कसा होता? हैबतराव डोळे मिटून म्हणाले, “काय सांगू! घरी येईपर्यंत काळजात धडधडत होतं.”

आणि तिकडे गुहेत ठिपकूने टाकलेला ससा स्वतःहून संपवला. ते पाहून रंभाताई धाकट्याला म्हणाल्या, “वहिनींचं बरोबर होतं हो. रविवारी पुन्हा जाऊ.”

तात्पर्य : तुम्हाला वाटलं असेल, दिवेलागणीच्या आत घरी यावं, असं मी सांगणार. ते तुमच्या आईचं तात्पर्य. ह्या गोष्टीचं तात्पर्य असं, की मुलांना निसर्गाची गोडी लावायची असेल, तर निसर्गाला मुलांची गोडी लागेपर्यंत थांबावं. त्याआधी निघालात, तर नुसता व्यायाम होतो.