झाडाचं की टँकरचं

दत्ताकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव, गाव काहीच विचारलं नाही. माझ्या ओढणीचा एक धागा मागितला. मी गोंधळून तोडून दिला. त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली, धागा पेटवला, फुंकून विझवला, धुराचा वास घेतला आणि टोकाला उरलेला काळा मणी बोटांत दाबून पाहिला. तो फुटला नाही.

"टँकरचं," ते म्हणाले. "पण खोली देऊ. पोरीचा काय दोष त्यात?"

मी मंडणगडकडच्या खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मीच. रत्नागिरीत बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि मिरजोळ्याला दत्ताकाका शिवलकरांच्या मागच्या खोलीत राहायला आले. माणसांविषयी लिहायची मला सवय नाही. प्रयोगाच्या वहीत निरीक्षण आणि निष्कर्ष, एवढंच माझं लेखन. काकांविषयी माझ्याकडे निरीक्षणं भरपूर आहेत, निष्कर्षाचं मात्र जमेलसं वाटत नाही.

काका उभा जन्म तेलवाहू बोटींवर, म्हणजे टँकरवर, पंपमन होते. आखातातून कच्चं तेल भरायचं, कुठल्याशा बंदरात उपसून द्यायचं. निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घरातली बादली, दारावरचं तोरण, दात घासायचा ब्रश, काकींची साडी, सगळं त्याच तेलातून निघालेलं आहे. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात दोनच जाती उरल्या. झाडाचं आणि टँकरचं.

"ही बादली बघितलीस?" ते मला म्हणत. "हिचं तेल मीच आणलं असणार."

"मग आता तुम्हीच भरा ती," काकी आतून म्हणत.

शेजारच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींच्या पितांबराची दशी मागितली. गुरुजी ओळखीचे होते, त्यांनी निमूट दिली. काकांनी निरांजनावर धरली. सगळे प्रसाद हातात घेऊन थांबले.

"गुरुजी, टँकरचं."

"दत्ताराम," गुरुजी शांतपणे म्हणाले, "कथा मी सांगतो, पितांबर सांगत न्हाय. बस खाली."

पण काका नुसते जाळत फिरणारे नव्हते. औद्योगिक वसाहतीत त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला होता. आमच्या भागात काजूचे कारखाने आहेत. गर खायला जातो, टरफलं मागे राहतात. त्या टरफलांत काळसर, जळजळीत तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलवटते, पण लाकडाला लावलं तर वाळवी फिरकत नाही. तेच तेल नीट आटवलं, त्यात योग्य ती द्रव्यं घातली, की त्याचा रंग होतो, गोंद होतो, गाडीच्या ब्रेकमधला मसालासुद्धा होतो. खनिज तेलाऐवजी झाडापासून रसायनं करणारे उद्योग आता उभे राहताहेत, असं आमच्या सरांनीही वर्गात सांगितलं होतं. मी घरी येऊन ते काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुझ्या सरांना उशिरा कळलं."

काकांना टरफलांच्या तेलातून होड्यांना आणि दारं-खिडक्यांना लावायचा रंग करायचा होता. संध्याकाळी ते मला पडवीत बसवून पुस्तकातलं वाचायला लावत. मला स्वतःलाच धड कळलेलं नसायचं. एकदा धीर करून मी सांगितलं, की तापवल्यावर लहान रेणू एकमेकांचे हात धरतात आणि मोठी साखळी होते.

"म्हणजे फुगडी," काकी लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

"फुगडीत दोघीच असतात," काका म्हणाले. "हा फेर. तो थांबवायचा कधी, ते बघ त्यात."

ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात फेर थांबलाच नाही. गाळ्यातल्या भट्टीवरच्या मोठ्या भांड्यातलं सगळं तेल दगडासारखं घट्ट झालं. काका छिन्नी-हातोडा घेऊन त्या भांड्यात उतरले आणि तिन्हीसांजेला काळेठिक्कर होऊन घरी आले.

"इतकी वर्षं तेल वाहून नेलान, कधी थेंब सांडला न्हाय," काकी मला म्हणाल्या. "आणि हितं घरचं भांडं घालवलान."

काकी बोलत राहिल्या, पण पाणी त्यांनी आधीच तापवून ठेवलं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा निलेशदादा आखातात तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याचा करार संपत आला होता. गाळा चालला तर तो परत येईल आणि इथेच राहील, अशी काकांची आशा होती. ते त्याला तसं कधी म्हणाले मात्र नाहीत. फोनवर तेलाचा दाटपणा सांगायचे, भट्टीचे फोटो पाठवायचे. तिकडून अंगठा यायचा.

"एकदा ये म्हणा त्याला तोंडानं," काकी म्हणत.

"मी का म्हणू? मला माझ्या बापसानं ये म्हटलान असता, तर मी बोट सोडून आलो असतो काय?"

"विचारलानीत कुठं त्यांनी. तुम्ही तरी विचारा."

काका काड्यापेटी घेऊन उठून जात.

मग दिवाळीच्या आधी रंग जमला. फणसाच्या फळीवर तो काचेसारखा बसला. काकांनी फळी पाण्यात बुडवून ठेवली, उन्हात टाकली, वर काकींचा वरवंटा घासून पाहिला. रंगाला काही झालं नाही. त्याच सुमाराला निलेशदादा रजेवर आला. दुसऱ्या दिवशी काका त्याला गाळा दाखवायला निघाले आणि मलाही म्हणाले, "चल गो, पुस्तकातलं काय विचारलान तर तू सांग." मला भीती वाटली, पण गेले.

गाळ्याच्या दारात काकांनी हात आडवा धरला. आत तेल सांडलेलं असतं, म्हणून बूट घातल्याशिवाय कुणाला प्रवेश नव्हता. दारालगतच्या मांडणीवर गमबुटांचा एक कोरा जोड होता. तो त्यांनी निलेशदादासमोर ठेवला. त्याने पाय घातला, टाच काही केल्या खाली जाईना.

तो माझ्याकडे बघून हसला. "बाबांनी आणलेलं पायातलं मला कधी होतच नाही. बोटीवरून यायचे तेव्हा दरवेळी छान बूट आणायचे. पण माप गेल्या खेपेचं. आई ते शेजारच्या बंड्याला द्यायची."

"दुसरा जोड आणतो," काका म्हणाले.

"राहू दे. चालेल." बोटं मुडपून त्याने ते बूट कसेबसे घातले आणि तसाच लंगडत सगळा गाळा पाहिला. भट्टी पाहिली, पिंपं पाहिली, रंग लावलेल्या फणसाच्या फळीवरून नख ओढून पाहिलं.

"चांगलं बसलंय, बाबा. खरंच. आमच्याकडेही झाडापासूनच्या मालाची चौकशी सुरू झालीय."

"हां," काका म्हणाले. मग बराच वेळ ते फळी पुसत राहिले, आणि मान वर न करता म्हणाले, "गाळ्याला माणूस लागेल एक. तू बघशील?"

त्यांनी तोंडाने विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. निलेशदादा भट्टीकडे वळला.

"मी सही करून आलोय. आणखी दोन वर्षं."

"बरं केलंस," काका लगेच म्हणाले. "चालती बोट सोडू नये माणसानं."

मला तिथे थांबावं की जावं कळेना. मी पिंपावरची अक्षरं वाचत उभी राहिले.

बाहेर आल्यावर निलेशदादाचे बूट निघेनात. पाय सुजून आत अडकले होते. काका त्याच्यापुढे उकिडवे बसले, एका हाताने पोटरी धरून दुसऱ्याने बूट ओढू लागले. एक निघाला. दुसऱ्याला वेळ लागला. तो निघाला तेव्हा मुलाचं पाऊल काकांच्या हातात होतं, टाचेला लाल वळ उठलेला. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. टाचेपासून वीत घातली, अंगठ्यापर्यंत उरलेल्या जागेवर बोटं टेकवली आणि मनाशी मोजल्यासारखे ओठ हलवले.

"कितीचा लागतो रे तुला?"

"दहा, बाबा."

"दहा," काका म्हणाले, आणि पुन्हा एकदा वीत घातली.