वरवंट्याची सूट

गाडीच्या डाव्या स्प्रिंगची एक पाती काढावी की काढू नये, एवढाच प्रश्न होता. असल्या प्रश्नावर कुणाचा संसार अडत नाही. माझा अडला.

आधी गाडीबद्दल सांगतो. (आधी गाडीबद्दल आणि मग बायकोबद्दल, ही खोडच सगळ्याच्या मुळाशी आहे, असं उत्तरा म्हणते. उत्तरा म्हणजे बायको.) कोलशेतच्या ज्या कारखान्यात मी कारकुनी करतो, तिथला गोरा मॅनेजर स्वराज्य आल्यावरही चार-पाच वर्षं टिकून होता. शेवटी तोही विलायतेला निघाला. जाताना त्याने कुणाला घड्याळ दिलं, कुणाला कुत्रा दिला आणि माझ्या अंगावर एक मोटार घातली. मोटार शर्यतीची, लढाईच्या कितीतरी आधीची. दारं नाहीत, टप नाही, मागची बाजू गाजरासारखी निमुळती आणि बसायला दोनच जागा, एक हाकणाऱ्याची आणि एक शेजारच्याची. ती कल्याणला घरापर्यंत आणली तेव्हा आळीतल्या लोकांनी कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "बाकीची कधी येणार?"

घरात आम्ही दोघंच. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा हलला नाही. दोन माणसांचं एकमेकांशी जेवढं बोलणं असतं, तेवढं आमचं बहुधा बोलून संपलं होतं. अशा घरात मोटार आली. मी कचेरीतून आलो की कपडे बदलून तडक पडवीत, गाडीखाली. उत्तरा चहाचा कप गाडीखाली सरकवायची आणि माझ्या पायांशी बोलायची. पाय उत्तर देत नसत.

मग मार्गशीर्ष लागताना मी तिला म्हटलं, "चल, टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन येऊ. गाडीने." ती हौसेने निघाली. अभिषेकासाठी चरवीभर दूध मांडीवर घेऊन बसली. आता ही गाडी शर्यतीची. तिच्या स्प्रिंगा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पात्या, आणि त्या अशा कडक की, वाटेत विडीचं थोटूक पडलेलं असलं तरी आपल्या मणक्याला त्याची वर्दी मिळते. टिटवाळा येईपर्यंत अभिषेक उरकला होता, देवाऐवजी आम्हा दोघांवर. देवळाशी गाडी थांबली तसा मी उतरलो, वाकलो आणि स्प्रिंगला कुठे तडा गेला नाही ना ते बघितलं. मान वर केली तर उत्तरा रिकामी चरवी हातात धरून माझ्याकडे बघत होती. केसांतून दूध ओघळत होतं.

"मला लागलं का, ते विचारा," ती म्हणाली.

"लागलं का?" मी विचारलं.

"आता नका विचारू."

तिचे थोरले भाऊ टिटवाळ्यालाच राहतात. ती तिथे उतरली ती उतरलीच. निघताना मला ओटीवरून ऐकवलं, "आगगाड्या खंडीभर आहेत. यायचं तर मी आत्ता येईन. पण तुम्ही मला न्यायला याच गाडीतून या. मी मांडीवर भरलेली चरवी घेऊन बसेन. थेंब सांडला, की तिथेच उतरेन."

मी एकटाच परत आलो. येताना गाडी आणखीच उडत होती, कारण डावी बाजू रिकामी होती.

एकट्या माणसाचं घर कसं असतं ते सांगतो. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलं, की सकाळी आपण जिथे टाकला तिथेच पंचा असतो. त्याला कुणीही हात लावलेला नसतो. भात दोघांचा होतो, कारण एकाचा कसा लावायचा ते ठाऊक नसतं. सकाळी उरलेला भात बघून गलबलून येतं आणि मग तोच खावा लागतो. मला ती हवी होती. एवढं सरळ वाक्य मी तेव्हा तिच्यापाशी बोललो असतो, तर स्प्रिंगांच्या भानगडीत पडावंच लागलं नसतं. पण मी पडलो कारकून. साधं काम वाकड्या वाटेने नेल्याशिवाय मला ते झाल्यासारखं वाटत नाही.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर गुरुदत्त बसतो. त्याला मोटारींतलं सगळं कळतं. (त्याच्याकडे सायकल आहे.) कल्याणच्या बाहेर लढाईत बांधलेली विमानांची धावपट्टी ओस पडली होती. तिथे एका रविवारी मुंबईचे हौशी लोक मोटारींच्या शर्यती लावणार होते. गुरुदत्तने मला न विचारता माझ्या गाडीचं नाव देऊन टाकलं होतं.

"परशुराम, स्प्रिंगला आणखी एक पाती घाल," तो म्हणाला. "आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर पिळून घट्ट कर. वळणावर गाडी झुकली की खेळ खलास!"

"मला मऊ करायचीय. एक पाती काढणार आहे."

"काढणार? अरे, रेसची गाडी आहे ती, पाळणा नाही!"

पाळणा हा शब्द आमच्या घराच्या बाबतीत लोक जपून वापरतात. गुरुदत्त हळूच म्हणाला, "बरं, मऊ तर मऊ. पण स्प्रिंग ठरवायची तर दोन्ही सीटवर वजन हवं. वहिनी नाहीत, मग डावीकडे काय ठेवणार?"

याचं उत्तर मला पौर्णिमेला मिळालं. आमच्याकडे दरवर्षी त्या दिवशी सत्यनारायण असतो. भटजींनी डावीकडचा रिकामा पाट बघितला आणि सहज म्हणाले, "गावाला गेल्यात? हरकत नाही. कमरेला सुपारी खोचा." बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी चालते, हे शास्त्र आहे. मी सुपारी खोचली. सबंध पूजाभर ती बोचत होती आणि माझं लक्ष कथेत नव्हतं. देवाला सुपारी चालते. पण स्प्रिंगला कशी चालणार? तिथे खरं वजन लागतं.

उत्तराचं वजन मला पाठ होतं. मागे एकदा स्टेशनवरच्या यंत्रात आम्ही आणा टाकून तिला उभं केलं होतं. मी स्वयंपाकघरात हिंडून वजनं धुंडाळली. वाण्याचा काटा आणून त्यावर जातं ठेवलं, कमी पडलं. त्यावर पाटा ठेवला, अजून कमी. वर वरवंटा ठेवला तेव्हा बरोबर उत्तरा झाली. सीटचं चामडं खरचटू नये म्हणून ही सगळी रास तिच्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली आणि डावीकडे बसवली. शेजारी मी बसलो. पडवीत आम्ही दोघं बराच वेळ नुसतेच बसलो. मग मी म्हणालो, "आज आमटी खारट झाली." सवय, दुसरं काय. पुढच्या दिवशीही काहीतरी बोललो. एकदा सुरुवात झाल्यावर मी रोजच बोलू लागलो. उत्तराशी कधी जेवढं बोललो नव्हतो तेवढं मी जात्याशी बोललो.

एका सकाळी मागून आवाज आला, "आगं बाय!"

ठमाबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. ती टिटवाळ्याहून रोज भाजी घेऊन येते, त्यामुळे दोन्ही घरांच्या बातम्या तिच्याच पाटीतून ये-जा करत.

"दादा, वैनीच्या लुगड्यान त्ये काय गुंडाळलंव?"

"जातं आहे."

"आन् बोलतंव कोनाशी?"

मी विषय बदलला. "उत्तरा कशी आहे गं? जरा वाळली असेल, नाही?"

ठमाबाईने माझ्याकडे निरखून बघितलं. माझा सदरा तेव्हा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. "वाळल्यान ना," ती म्हणाली. "लय वाळल्यान. जेवन जात नाय त्यांना."

वाईट वाटलं म्हणून सांगावं, तर तसं नव्हतं. मनातून मला फार बरं वाटलं. तीही माझ्यासाठी झुरत होती! मी लगेच हिशेब केला. इतक्या दिवसांच्या विरहात माणूस किती उतरेल? साधारण एक वरवंटा. मी वरवंटा काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि उरलेल्या वजनावर गाडीचा तोल बसवला. डावी स्प्रिंग एका पातीने हलकी केली. मग उजवीकडे मी आणि डावीकडे विरह वजा जाता उत्तरा, अशी गाडी अगदी पातळीत उभी राहिली.

राहिले शॉक अ‍ॅब्झॉर्बर. या जुन्या गाडीत ते म्हणजे दोन लोखंडी हात, मध्ये लाकडी चकत्या आणि वर एक नट. चाक उसळलं की चकत्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यामुळेच उसळी थांबते. गुरुदत्तने हे मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शनिवारी मी जात्यावर पाण्याने भरलेली चरवी बांधून आळीतून हळूहळू फेरी मारली. थेंबसुद्धा सांडला नाही! फक्त चकत्या घासताना कुईं कुईं आवाज येत होता. बायकोला आणायला जायचं आणि गाडी अशी रडणारी, हे मला बरं वाटेना. आमच्या घरात जे जे कुरकुरतं त्याला उत्तरा शिवणयंत्राचं तेल घालते. मीही घातलं. चकत्यांत, सढळ हाताने. आवाज बंद झाला आणि मी समाधानाने झोपलो.

रविवार उजाडला. तोच शर्यतीचा रविवार. गुरुदत्त धावपट्टीवर वाट बघत असणार होता. मी टिटवाळ्याची वाट धरली. गाडी आज वेगळीच चालत होती. एका खड्ड्याची उसळी पुढच्या खड्ड्यापर्यंत पुरत होती. मला वाटलं, हाच तो मऊपणा.

भाऊंच्या अंगणात गाडी थांबली, म्हणजे पुढे जायची थांबली. वरखाली चालूच होती. ठमाबाईच्या बोलण्यावरून उत्तरा पदराआड दिसेनाशी झाली असायला हवी होती. उत्तरा दारात आली आणि दार भरलं. गालांवर तेज होतं. भाऊंच्या पत्नी उकडीचे मोदक फार चांगले करतात, हे मी विसरलो होतो.

"अहो, काय ही दशा!" ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी गडबडीने पाटा आणि जातं उतरवून ओटीवर ठेवलं. तिने लुगड्याला हात लावला.

"माझंच ना हे? बोलत होतात म्हणे याच्याशी?"

"कोण म्हणालं?"

"काय बोलत होतात?"

"काही नाही. आमटी खारट झाली. गोऱ्या साहेबाच्या जागी नवा आलाय, तो ओरडतो. रात्री घर मोठं वाटतं. असलंच."

तिने लुगड्याचं सुटलेलं टोक नीट खोचलं. "माझ्याशी असं कधी बोलला नाहीत," म्हणाली, आणि आत जाऊन दुधाने काठोकाठ भरलेली चरवी घेऊन आली.

ती बसली. काय सांगू! गाडी डावीकडे जी कलली ती कललीच. स्प्रिंग विरहाच्या हिशेबाने केलेली. वर तेल पाजलेल्या चकत्यांनी घासणं सोडून दिलेलं. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. चरवीतलं दूध एकदा तिच्या मांडीवर आणि एकदा माझ्या मांडीवर, असं समसमान वाटलं गेलं.

भाऊ ओटीवरून म्हणाले, "परशुरामपंत, इंजिन बंदच आहे ना?"

बंदच होतं. आम्ही अजून निघालोच नव्हतो. सगळ्या शेजाराने बघितलं की आमच्या दोघांत विरहाने कोण झुरलं आणि कोण नाही. उजवीकडे मी वर आभाळात बसलो होतो.

उत्तरा उतरली. रिकामी चरवी घेऊन घरात गेली. मी वाट बघितली. ती बाहेर आली नाही. शेवटी भाऊंनीच हात लावून जातं आणि पाटा गाडीत चढवले. "सावकाश जा," ते म्हणाले. "घाई करू नका." ते हसत होते, त्याचा मला रागही आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

शहाडला नदीपाशी मी गाडी थांबवली. ती आपली हलत राहिली. शेजारी हिरव्या लुगड्यात जातं बसलेलं. आज मला त्याच्याशीही बोलवेना. मनात आलं, आता जन्मभर हेच. संध्याकाळी कुलूप, सकाळचा पंचा, दोघांचा भात. डोळ्यांत पाणी आलं, आणि गाडी हलत असल्यामुळे तेही दोन्हीकडे सांडलं.

घराशी आलो तर कुलूप नव्हतं. आत दिवा लागला होता, फोडणीचा वास येत होता. उत्तरा चुलीपाशी बसली होती.

"तू? कशी आलीस?"

"आगगाडीने. थेंब सांडला तर उतरेन म्हणाले होते. घरी येणार नाही असं कुठे म्हणाले होते? मागच्या दाराने निघाले, गाडी मिळाली. दुसरी किल्ली माझ्यापाशी होतीच. तुमचीच वाट बघतेय केव्हाची. जातं आणलंत ना? घरात पीठ नाही."

मी जातं आत आणलं. पाटा आणला. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी भिंतीला टेकून नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

"हा वरवंटा तेवढा घरी कसा?" तिने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी ठमाबाईचं सांगितलं, विरहाचा हिशेब सांगितला आणि वरवंट्याची सूटही सांगितली. उत्तराने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे गाडीपेक्षा जास्त हलत होते. मग तिने माझा लोंबता सदरा, त्यातून दिसणारी गळ्याची हाडं आणि सैल झालेलं धोतर सावरून धरलेला माझा हात, असं सगळं नीट बघून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाली,

"अहो, एवढी दगडं कशाला उचललीत? उलट तुम्ही नसताना मला गाडीचा तोल बसवायचा असता ना, तर तुमच्या जागी सुपारी पुरली असती."