गाडी टेकते कुठे

चिरंजीव गाडी खाली बसवून घेऊन आले, तेव्हा माई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारलं, "चारही पंक्चर?"

चिरंजिवांनी समजावून सांगितलं. पंक्चर नाही, स्प्रिंगा बदलल्यात, आखूड घातल्यात. अशी गाडी रस्त्याला धरून चालते, वळणावर डुलत नाही. आणि दिसते कशी ते तर बघ. माईंनी बघितलं. छोटीशी चार माणसांची गाडी, मागे मात्र मोठ्या पेटाऱ्याएवढी डिकी, आणि आता पोट जमिनीला लागायला आलेलं. उंदरावर टपलेल्या मांजरीसारखी दिसत होती. उंदीर तेवढा कुठे दिसत नव्हता.

"यात माणसाने चढायचं, का उतरायचं?" माईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

चिरंजिवांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्याकडून जबड्याचे साचे यायचे, त्यावर हे बसून दात लावायचे. केसाएवढी फट राहिली तरी त्यांना झोप येत नसे. दात कुठे टेकतात ते बघायला त्यांच्याकडे पातळ निळा कागद असे. तो दातांत धरून चावायला लावायचं, जिथे निळा ठिपका उमटेल तिथे घासायचं. हाताला एवढी नजर असलेला माणूस गाडीच्या बाबतीत मात्र शेजाऱ्यांची गाडी बघून डोकं फिरवून घेऊन आला होता.

सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की जे काय करायचं ते येत्या रविवारच्या आत कर. रविवारी विहीणबाई यायच्या होत्या.

विहीणबाई म्हणजे माईंच्या लेकीची सासू. त्यांची कवळी चिरंजीवच करत होते, ती बसवून घ्यायला त्या चार दिवस राहायला येणार होत्या. आता यात माईंनी धास्ती घ्यावी असं काही नाही. पण मधे एक खुर्ची होती. मागे माई लेकीकडे गेल्या असताना विहीणबाईंच्या व्हरांड्यातली वेताची खुर्ची माईंच्या वजनाखाली मोडून बसली. खुर्ची आधीपासूनच किडलेली होती, हे माई अजून सांगतात. विहीणबाई अक्षर बोलल्या नाहीत. बाई काडीसारखी, बोलणंही तेवढंच. फक्त दुसऱ्या दिवशी त्या जागी लोखंडी खुर्ची आली. काही बोलल्या असत्या तर माईंनी चार शब्द ऐकवले असते आणि विषय मिटला असता. लोखंडी खुर्चीला काय ऐकवणार?

तेव्हा माईंनी मनाशी ठरवलं होतं. विहीणबाईंना स्टेशनवरून गाडीतून आणायचं, झोकात आणायचं, आणि चार दिवसांत एकदाही या घरातली कुठली वस्तू आपल्या वजनाने कुरकुरता कामा नये.

खाली बसवलेल्या गाडीला जुनी चाकं शोभेनात. जेवणाच्या टेबलावर आठवडाभर चाकांशिवाय विषय नव्हता. टायरवाल्याने चिरंजिवांना सरळ सल्ला दिला होता की गाडी आधीच खाली आहे, आता रिम लहान घ्या, टायर जाड घ्या, जागा राहील आणि कंबरही राहील. चिरंजिवांना तो सल्ला म्हाताऱ्यांचा वाटला. त्यांनी रुंद, चकचकीत, पाकळ्यापाकळ्यांची चाकं आणली. ती गाडीच्या अंगाबाहेर आली. सूनबाई म्हणाली, पोराने बापाचे बूट घातल्यासारखं दिसतंय. माई म्हणाल्या, गाडी फेंगडी झाली. चिरंजिवांनी ती काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत करून आलो म्हणून सांगितलं. विषय तिथे संपला. निदान सूनबाईने तरी संपला असं धरलं.

मग चिरंजिवांनी धंद्यातलं डोकं लावलं. अंदाजाने काम करतो तो चांभार, आपण साचा घेऊ. त्यांनी गाडी जॅकवर उचलली, मागचं चाक काढलं, आणि चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत जबड्याचा ठसा घ्यायचा मसाला थापला. एका जबड्याला वाटीभर लागतो, इथे बादली लागली. त्या ठशात प्लॅस्टर ओतून जी वस्तू तयार झाली ती वाळायला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. माई सकाळी चहाला उठल्या तर खिडकीत पांढरी कमान. त्यांना वाटलं, कुणाची तरी कवळी आहे आणि तो माणूस आपण बघितलेला बरा नाही.

ती कमान काखोटीला मारून चिरंजीव टायरवाल्याकडे गेले. टायरवाल्याने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण गाडीचा जबडा घेऊन आलेलं हे पहिलंच. दोघांनी मिळून एकेक चाक त्या कमानीत घालून पाहिलं. शेवटी एक बसलं, इकडे बोटभर, तिकडे बोटभर. मोठी रिम, वर पातळ टायर, म्हणजे आंब्याच्या बाठ्याला लागलेला रस असतो तेवढंच रबर. टायरवाला म्हणाला, "बसतंय खरं. पण साहेब, माणसं बसवून बघितलंत का?" चिरंजीव म्हणाले, माप घेतलंय. आणि चाकं चढली.

दिसायला गाडी छान झाली, हे माईंनीही कबूल केलं. चिरंजीव आणि सूनबाई एक चक्कर मारून आले, सगळं ठीक. शुक्रवारी माईंना दवाखान्यात सोडायचं होतं. माई मागे डावीकडे बसल्या, त्यांची नेहमीची जागा. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. गाडी त्यावरून उतरली आणि मागून आवाज आला. खर्र.

"काय ते?" माई म्हणाल्या.

चिरंजीव म्हणाले, खडी असेल. पुढच्या स्पीडब्रेकरलाही खडी निघाली. त्याच्या पुढच्यालाही. माईंना सोडून एकटे परत येताना मात्र रस्ता एकदम झाडून काढल्यासारखा साफ झाला.

संध्याकाळी चिरंजिवांनी चारही कमानींत निळा कागद चिकटवला, आणि माईंना म्हणाले, चल, हवा खाऊन येऊ. माई आयुष्यात कधी हवा खायला गेल्या नव्हत्या, पण लेक एवढं म्हणतोय म्हणून गेल्या. परत आल्यावर चिरंजीव बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले. तीन चाकं कोरी. मागच्या डाव्या टायरवर भला मोठा निळा डाग.

मग स्वयंपाकघरात नवराबायकोची कुजबुज सुरू झाली. सूनबाई म्हणत होती, माईंना उजवीकडे बसवू. चिरंजीव म्हणत होते, मग उजवीकडे घासेल. सूनबाई म्हणाली, पुढे बसवू. चिरंजीव म्हणाले, पुढे ती कधी बसते? पट्टा पुरत नाही म्हणून. आणि मग दोघांनी वळून बघितलं, तर माई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या भरला आणि गेल्या.

त्या रात्री ताटात त्यांनी निम्मंच घेतलं. विचारलं तर म्हणाल्या, उकाड्याने जात नाही. शनिवारीही उकाडाच होता. माणूस दोन दिवसांत बारीक होत नाही, हे माईंना कुणी सांगायला नको होतं. पण लोखंडी खुर्ची चाकांवर बसून रविवारी येणार, हे त्यांना दिसत होतं, आणि हातावर हात धरून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आपण स्टेशनवर येतच नाही, हेही त्यांनी म्हणून बघितलं. सूनबाई म्हणाली, तुम्ही नाही आलात तर त्यांना काय वाटेल? हे मात्र खरं होतं.

रविवारी विहीणबाई उतरल्या. तशाच काडीसारख्या, हातात एक बॅग. चिरंजिवांनी पुढे होऊन ती घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली.

"डिकीत टाक की," सूनबाई म्हणाली.

"डिकी उघडत नाही. कुलूप अडकलंय," चिरंजीव म्हणाले, आणि लगबगीने गाडीत जाऊन बसले.

सूनबाई पुढे बसली. मागे डावीकडे माई, उजवीकडे विहीणबाई, मांडीवर बॅग. विहीणबाईंनी गाडीची स्तुती केली. प्रवास बरा झाला, लेक तुमची मजेत आहे, असं सांगितलं. माईंनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती आणि श्वास वर ओढला होता. श्वास वर धरला की माणूस हलका होतो, असा त्यांचा अंदाज होता. पहिला स्पीडब्रेकर आला.

खर्र.

दुसरा आला, तो पहिल्यापेक्षा उंच. या वेळी आवाज लांबलचक आला, कोणी जुनं कपाट सरकवावं तसा. विहीणबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग बॅगेकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हल्लीच्या गाड्या नाजूकच असतात."

झालं. माईंनी सीट सोडली, श्वासही सोडला.

"थांबव गाडी."

"अगं, घर आलंच..."

"थांबव म्हटलं ना."

गाडी थांबली. माई दार उघडून बाहेर आल्या. एवढ्या खाली बसवलेल्या गाडीतून बाहेर येणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं, पण रागात माणसाला बळ येतं. त्यांनी पदर नीट केला आणि वाकून विहीणबाईंना सांगितलं, तुम्ही सरका माझ्या जागी. मग चिरंजिवांना सांगितलं, चालव. समोर तिसरा स्पीडब्रेकर आहे, त्यावरून ने. मी बाजूने चालते.

अशी ती वरात निघाली. मधे गाडी, आत काडीएवढी बाई, बाजूने फुटपाथवरून माई. गाडी एवढी हळू होती की माईंना मधे एकदा थांबावं लागलं. समोरून येणारा सायकलवाला पाय टेकून बघत उभा राहिला. गाडी स्पीडब्रेकरवर चढली, उतरली.

खर्र.

"आता?" माई म्हणाल्या. "आता कोण बसलंय तिथे?"

विहीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्या घाईघाईने सांगू लागल्या की बॅगेत दोन साड्या आणि चष्म्याची डबी आहे, बाकी काही नाही, हवं तर उघडून बघा. माई म्हणाल्या, तुमची बॅग राहू द्या. त्यांची नजर गाडीच्या मागच्या बाजूवर गेली होती. गाडीत आता एक माणूस कमी होतं, तरी तिचं बूड टेकलेलंच होतं.

"सूनबाई, डिकी बघ."

"उघडत नाही गं ती," चिरंजीव म्हणाले. पण सूनबाईने तोवर नवऱ्याच्या सीटखाली हात घालून कळ ओढली होती. डिकी जांभई दिल्यासारखी वर झाली.

आत ती पाकळ्यापाकळ्यांची फेंगडी चाकं होती. टायरसकट, चारही. दोन आडवी, दोन तिरकी, डावीकडे कोंबलेली, वरून जुनी चादर. एकदा चढवलेली चाकं टायरवाला परत घेईना, आणि घरी हे सांगायची छाती होईना, म्हणून गाडीच्या पोटात लपवलेली. दिवसभर लोकांची हाडं आरपार बघणाऱ्या बाईला आपल्याच गाडीची डिकी दिसली नव्हती. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात घरी गेल्यावर काय काय व्हायचंय ते सगळं आलं होतं.

"परत केली होतीस ना?" ती म्हणाली.

चिरंजीव निळ्या कागदाबद्दल काहीतरी बोलू लागले. माईंनी हात वर केला.

"हे बघ. कवळी बसवताना तू माणसाला काय सांगतोस? चावा म्हणून सांगतोस ना? तोंड उघडं ठेवून माप घेतोस का कुणाचं? मग गाडी हवेत टांगून, पोट रिकामं ठेवून कसलं माप घेतलंस? आणि वर आईच्या बुडाखाली कागद लावतोस."

चिरंजीव खाली उतरून चादर परत चाकांवर ओढू लागले.

माईंनी तिथल्या तिथे निकाल लावला. चारही चाकं बाहेर काढायला लावली. ती फुटपाथवर रचून झाल्यावर प्रश्न आला, त्यांच्याजवळ थांबणार कोण? तो माईंनी प्रश्न मानलाच नाही. चिरंजिवांना चाकांवर बसवलं, चादर हातात दिली आणि टेम्पो बघ म्हणाल्या. सायकलवाला जायचं विसरून गेला होता, त्याने चिरंजिवांना सोबत केली.

सूनबाई चालवायला बसली. माई आपल्या जागी, मागे डावीकडे, ऐसपैस. विहीणबाईंची बॅग डिकीत. माईंना दोन दिवसांनी कडकडून भूक लागली होती. त्यांनी विहीणबाईंना सांगितलं की आमच्या मुलाचा हात फार चांगला आहे, तुमची कवळी अशी बसेल की लोखंड चावाल. लोखंड हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला. विहीणबाई मान हलवत राहिल्या. सूनबाईने रेडिओ लावला, हलक्या आवाजात.

गल्लीच्या तोंडाशी शेवटचा स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली.

खर्र. आधीसारखं नाही. अगदी बारीक, नखाने पाटी ओरखडावी तेवढंच. पण आलं.

सूनबाईने आरशात बघितलं नाही. विहीणबाई समोर बघत होत्या, जणू जन्मात त्यांना कधी काही ऐकू आलं नव्हतं.

"काही वाजलं का?" माईंनी विचारलं.

विहीणबाईंनी क्षणभर विचार केला.

"गाणं," त्या म्हणाल्या. "बरं आहे."

माईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पुढे वाकून सुनेच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"मग मोठं कर जरा," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंना आवडलंय."