चैनीचा सराव

आमच्या समोरच्या मोंडकरकाकांच्या दाराच्या कडीला हल्ली एक पुठ्ठा लटकतो. एका बाजूला ‘कृपया त्रास देऊ नये’, दुसऱ्या बाजूला ‘खोली आवरावी’. मुलुंडमधल्या वन बीएचकेच्या दाराला. पहिल्याच दिवशी तो वाचून सिलिंडरवाला मुकाट्याने परत गेला आणि काकांनी दोन्ही वेळचा स्वयंपाक आमच्या गॅसवर केला.

“सराव चाललाय,” काका भात ढवळत म्हणाले. “दुबईला जायचंय, पंचतारांकित. चैन काय जन्मतः येते का गं? अंगवळणी पाडावी लागते.”

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नवा स्क्रू मागितला तर आधी जुना आणून दाखवायला लावणारा हा माणूस, आता चैनीचं बजेट करतो आणि दर रविवारी मला चहाला बोलावून वाचून दाखवतो. सगळं दिरहममध्ये. आमचा भाजीवालासुद्धा त्यांना कोथिंबिरीचा भाव दिरहममध्ये सांगतो, त्याशिवाय ते पिशवी उघडत नाहीत. बजेटात उंटाची सवारी आहे, उंटवाल्याला बक्षीस आहे, उंटावरून पडल्यास मलम आहे. ‘दादा रुसला तर’ अशी एक वेगळी तरतूद आहे. आणि सगळ्यात शेवटी नुसतंच ‘वाया’.

“हे कशाला?” मी विचारलं.

“अगं, चैनीत थोडे पैसे वाया गेलेच पाहिजेत. नाहीतर ती बचत होते.” एवढं बोलून त्यांनी सामानाच्या वजनात थालीपिठाची भाजणी बसते का, ते बघायला घेतलं.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. काकू गेल्यापासून घरात हे दोघंच. दादांची उमेदीची सगळी वर्षं दुबईच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरण्यात गेली. त्या पगारावर काका शिकले, बहिणीचं लग्न झालं, हे घर झालं. दादा त्या हॉटेलात कायम मागच्या दाराने शिरले आणि नोकरांच्या लिफ्टने वर गेले. आता त्यांनी तिथेच पुढच्या दाराने जावं आणि त्यांची गादी दुसऱ्या कुणीतरी घालावी, एवढाच काकांचा ध्यास. आणि दादांचं एकच पालुपद, “दुसऱ्यान गादी घातल्यार माका बसान ऱ्हवाक जमाचा नाय.”

म्हणून हा सराव. सकाळी काका माझ्या नवऱ्याचा टाय लावून दादांपुढे चहाचा ट्रे धरतात, “गुड मॉर्निंग सर.” सर तोवर उठून, गादी आवरून, केर काढून बसलेले. काकांनी हॉटेलातल्यासारखा घडी घातलेला टॉवेलचा हंस मोडक्या छत्रीसारखा दिसतो. दादा गुपचूप त्याची मान सरळ करून ठेवतात.

“दादा, तू गिऱ्हाईक आहेस ना? मग गिऱ्हाईकासारखा वाग ना.”

“बरा,” म्हणून दादा कपबशी विसळायला उठतात.

मला रिसेप्शनवर नेमलं होतं. बाजारातून येतायेता मी दादांना वाकून किल्ली दिली, तर त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आमच्या ओट्यावर नेऊन ठेवली. काकांनी कपाळावर हात मारला.

पण दादांचे गुडघे दिवसेंदिवस कुरकुरायला लागले. तिकीटवाला तर हो की नाही विचारून थकला. एका संध्याकाळी काका आमच्या स्वयंपाकघरात टाय सोडत बसले. “पुढच्या वर्षी त्याला जिना उतरता येणार नाही. उंट राहू दे गं. मला त्याला एकदा आरामात बसलेला बघायचाय.” मी त्यांच्यापुढे लाडू ठेवला.

गेल्या आठवड्यात सकाळी दार उघडलं, तर काका जिन्यात बसलेले. मांडीवर दुधाची पिशवी. समोर दार बंद आणि कडीला पुठ्ठा, ‘कृपया त्रास देऊ नये’.

“किल्ली विसरलात?”

“खिशात आहे.”

“मग आत जा ना.”

“हळू बोल.” काकांचा आवाज कुजबुजता झाला होता. “पुठ्ठा मी नाही लावलेला. दूध आणायला उतरलो तेव्हा तो आत खुंटीला होता. दादाने लावलाय. झोपलाय तो. उजाडल्यावर झोपलेला मी त्याला आजारपणातसुद्धा बघितला नाही गं.”

त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि दाराकडे बघत राहिले. तिकीटवाल्याचं दुकान उघडलं की फोन करतो म्हणाले. ऊन एव्हाना जिन्यात त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं.

“काका, दूध तरी द्या. फ्रिजमध्ये ठेवते. नासेल.”

“नासू दे,” काका पिशवी तशीच धरून म्हणाले. “ते ‘वाया’मध्ये टाकू.”