मामांचं नेहमीचं

माणसाची समाजातली खरी किंमत त्याच्या पदावरून ठरत नाही. सँडविचच्या काउंटरवर त्याला किती प्रश्न विचारले जातात, यावरून ठरते. प्रश्न जितके कमी, तितका माणूस मोठा.

आमच्या ऑफिसखालच्या दुकानात या तत्त्वाची अंमलबजावणी कडक आहे. नवख्या गिऱ्हाईकाला सरासरी नऊ प्रश्न: ब्रेड कुठला, भाजू का, सॉस कुठला, कांदा चालेल का, इथे खाणार की नेणार, इथपासून ते ‘ठरलं का एकदाचं?’ इथपर्यंत. (हा शेवटचा काउंटरवरच्या ताई विचारत नाहीत, मागची रांग विचारते.) सहा महिन्यांनी प्रश्न चारवर येतात. आणि दोनेक वर्षं निष्ठेने खाल्ल्यावर तो दिवस उगवतो, जेव्हा ताई नुसतं बघून म्हणतात, “नेहमीचंच ना?” यावर फक्त मान हलवायची असते. पदग्रहण एवढंच.

माझ्या मामांना हा मान तिसऱ्याच दिवशी मिळाला. मामा आमच्याच ऑफिसात मुद्रितशोधक, म्हणजे मजकूर छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे त्यांचं काम. इतक्या वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही चूक निसटली नव्हती. चार वर्षांपूर्वी ऑफिस या इमारतीत आलं, त्या आठवड्यात निसटली. ताईंनी विचारलं, “नेहमीचंच ना?” मामांनी घाईत, आणि खरं तर थोडं फुशारून, मान हलवली. समोर आलं उकडलेलं बीट, मोहरीचा सॉस आणि कडा कापलेला ब्रेड. दुसऱ्याच कुणाचं तरी नेहमीचं.

मामांना बीट आवडत नाही. (हे सौम्य शब्दांत. लहानपणी बीट वाढलं म्हणून ते दिवसभर माळ्यावर जाऊन बसले होते, असं माझी आई सांगते.) पण रांगेसमोर मिळालेला मान रांगेसमोर परत कसा करायचा? मामांनी ते खाल्लं. उद्या सांगू म्हणाले. उद्या ताई म्हणाल्या, “काका, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.” संपलं.

सुट्ट्या आणि एक पडसं वजा जाता आजवर नऊशे ऐंशी सँडविचं झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही भाजून. फायदा झाला नाही असं नाही. मामांचं रक्त सुधारलं. (डॉक्टर म्हणाले, “काय खाताय ते असंच चालू ठेवा.” मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.)

निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा मामांनी ठरवलं, येत्या सोमवारी चीज-टोमॅटो मागायचं. निदान एकदा. रविवारी घरी तालीम झाली. मामी ताई झाल्या, मी रांग झालो.

“नेहमीचंच ना?” मामी म्हणाल्या.

“हो,” मामा म्हणाले.

“अहो, हो काय! नाही म्हणा.”

“तोंडातून येत नाही गं.”

“मला बरं आयुष्यभर ‘नाही’ म्हणता आलं तुम्हाला!”

अकराव्या खेपेला जमलं.

सोमवारी रांगेत मी मामांच्या मागे होतो, आणि त्यांच्या पुढे एक उंच गृहस्थ होते. त्यांनी काउंटरवर ऐटीत कोपर टेकलं. “ताई, नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे काय? नवीन दिसताय.”

गृहस्थांचा चेहरा पडला. “अहो, बदली झाली होती माझी! चार वर्षांनी आलोय. बीट, मोहरी, कडा कापून!”

“अगंबाई, ते तर आमच्या काकांचं!” ताईंनी मामांकडे बघितलं. “आणि बीट आज एकापुरतंच आहे. काका, देऊ का यांना?”

मामांनी फक्त ‘द्या’ म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. सुटकेचा आदेश सहीसाठी समोर होता. मागची रांग श्वास रोखून उभी होती. मामांनी घसा खाकरला. नऊशे ऐंशी सँडविचांची सेवाज्येष्ठता त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी.

“माझं आहे ते,” मामा म्हणाले.

मग माणुसकी म्हणून अर्धं दिलं. आम्ही तिघं एका टेबलावर बसलो. गृहस्थ पहिला घास बराच वेळ चावत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, “काका, राग नका मानू. तुम्हाला हे खरंच आवडतं?”

“तुम्हाला?”

“छे हो! ताईंनी एकदा चुकून ‘नेहमीचंच ना’ विचारलं, आणि मी आपली मान हलवली.”

“मग आज कशाला मागितलंत?”

“ताई ओळखतात का, ते बघायचं होतं.”

तेवढ्यात ताई टेबल पुसायला आल्या. “उद्यापासून दुप्पट बीट उकडते. ही बघा बोटं, घासली तरी लालच्या लाल. पण म्हटलं जाऊ दे, माझी दोन माणसं एवढ्या आवडीने खातात.”

अळीमिळी गुपचिळी. दोघांनीही मान हलवली.

मामा आता निवृत्त झालेत. चीज-टोमॅटो राहिलंच. त्यांची जागा रिकामी राहू नये म्हणून परवा ताईंनी मला विचारलं, “काकांचे भाचे ना तुम्ही? मग नेहमीचंच?” बीट तसं वाईट नसतं. रक्त सुधारतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सरळ नाही म्हणायचं. अगदी बरोबर. फक्त एक सांगा: मागच्या खेपेला केस कापून झाल्यावर तुमच्या डोक्यामागे आरसा धरून “ठीक झालंय ना?” असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?